काल्पनिक जगाच्या उंबरठ्यावर खऱ्या तत्त्वज्ञाचे वाक्य: गेम बनवताना या चुका टाळा

१९९८ साली बायोवेअर या कॅनडातील स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट’ हा गेम आला. तलवारी, जादू, भुयारे आणि निरनिराळ्या देवतांनी भरलेल्या त्या जगात शिरण्याआधी खेळाडूची गाठ पडते ती जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेशी: जो राक्षसांशी झुंजतो त्याने आपणच राक्षस होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि तुम्ही अथांगात फार वेळ पाहत राहिलात तर ते अथांगही तुमच्यात पाहू लागते. हे १८८६ मधील ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ या ग्रंथातील १४६ व्या क्रमांकाचे सूत्र आहे. ज्या जगात जर्मनी नाही आणि ख्रिस्ती धर्मही नाही, तिथे नीत्शेचे काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तरीही ते वाक्य तिथे शोभते, कारण आपण ज्या अनाथ मुलाची भूमिका करतो तो खुनाच्या मृत देवाचा वंशज आहे, हे पुढे उलगडत जाते आणि पहिल्या पडद्यावरचा इशारा नेमका त्यालाच उद्देशून होता हे उशिरा ध्यानात येते.

अडचण अशी की, त्यानंतर गेम बनवू पाहणाऱ्या अनेकांनी यातून एवढाच धडा घेतला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एखाद्या दाढीवाल्याचे वाक्य टाकले म्हणजे गेमला वजन येते. नागपुरातले हौशी विद्यार्थी आपले अर्धवट झालेले डेमो मला दाखवायला आणतात आणि त्यांतील बऱ्याच डेमोंची सुरुवात अशीच असते. त्यांच्या चुका बहुतेक त्याच त्या असल्यामुळे, आणि त्यांतली एक मी स्वतःही केलेली असल्यामुळे, त्या इथे लिहून काढतो.

वाक्य एक सांगते, खेळ दुसरेच करायला लावतो

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी, धरमपेठेतील एका खोलीत, कूलरच्या घरघरीत एका मुलाने मला आपला डेमो दाखवला. पडद्यावर धम्मपदातील १०३ वी गाथा उमटली: ‘यो सहस्सं सहस्सेन संगामे मानुसे जिने। एकञ्च जेय्यमत्तानं स वे संगामजुत्तमो॥’ रणांगणात हजारदा हजार माणसांना जिंकणाऱ्यापेक्षा एकट्या स्वतःला जिंकणारा हाच श्रेष्ठ विजेता, असा तिचा आशय. गाथा विरली, किल्ल्याचे दार उघडले आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा दिसू लागला. तो आकडा मारलेल्या शत्रूंचा होता. शंभर झाले की तलवार सोन्याची होत होती, पाचशे झाले की नवा किल्ला उघडत होता.

त्या मुलाची श्रद्धा खोटी नव्हती. ही गाथा त्याने लहानपणापासून घरी ऐकलेली होती. पण त्याच्या खेळात स्वतःला जिंकण्याची सोयच नव्हती. तलवार म्यान करण्याची कळ नव्हती, शरण आलेल्याला सोडून देण्याचा पर्याय नव्हता, रागाचे किंवा लोभाचे कसलेही मोजमाप नव्हते. म्हणजे गाथा ज्याला कमी लेखते, नेमके तेच खेळ मोजत होता आणि त्याचेच बक्षीस देत होता. विरोधाभास मुद्दाम योजलेला असता तर गोष्ट वेगळी होती. शेवटी त्या आकड्याचाच जाब खेळाडूला विचारला असता, तर गाथा पुन्हा आठवून अंगावर काटा आला असता. इथे मात्र ती सजावटीपुरती उरली होती. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात बुद्धवचन सजावटीसाठी वापरले, तर ते ओळखणारा माणूस पहिल्याच रांगेत बसलेला असतो.

यावर उपाय म्हणून मी मुलांना एक साधी कसोटी सुचवतो. गेम पूर्ण खेळून झाल्यावर, श्रेयनामावली संपल्यावर, तेच वाक्य पुन्हा वाचावे. मधल्या काही तासांत खेळाडूने जे केले त्यामुळे त्याचा अर्थ बदलला, गडद झाला किंवा चक्क खोटा ठरला, तर वाक्य ठेवावे. ते पहिल्यासारखेच कोरडे राहिले, तर काढून टाकावे, मग ते प्लेटोचे असो वा ज्ञानोबांचे. त्या मुलाने वाक्य काढले नाही. त्याने आकडा काढला आणि तलवार खाली ठेवण्याची कळ दिली. खेळाची अवघी रचनाच त्यामुळे बदलली आणि काम तीन महिने लांबले, ही बाबही इथे नोंदवली पाहिजे.

नाव चुकणे

माझ्या स्वतःच्या पहिल्या गेमची सुरुवात ‘युद्धाचा शेवट फक्त मेलेल्यांनीच पाहिला आहे’ या वाक्याने होत असे आणि खाली मी मोठ्या अभिमानाने प्लेटोचे नाव घातले होते. एका कार्यक्रमात तो गेम दाखवताना तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, ‘कोणत्या संवादात आहे हो हे?’ मला उत्तर देता आले नाही, कारण ते प्लेटोच्या कोणत्याही संवादात नाही. ते वाक्य तत्त्वज्ञ जॉर्ज सांतायाना यांचे आहे आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॉलिलोक्वीज इन इंग्लंड’ या संग्रहातले आहे. अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर यांनी १९६२ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतल्या भाषणात ते प्लेटोच्या नावावर खपवले, २००१ च्या ‘ब्लॅक हॉक डाउन’ या चित्रपटानेही तेच केले, आणि मी त्या रांगेत मुकाट्याने उभा राहिलो.

गांधीजींच्या नावावर फिरणारे ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्हीच बना’ हे वाक्यही त्यांच्या लेखनात त्या शब्दांत सापडत नाही. १९१३ साली त्यांनी लिहिले त्याचा आशय एवढाच होता की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातील प्रवृत्तीही बदलतील. हे भित्तिपत्रकावर छापण्याजोगे चटपटीत नाही, पण त्यांचे आहे. सेवाग्राम नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर असताना आपण तरी ही चूक करू नये.

पडताळणीचा नियम अगदी रुक्ष आहे. वाक्याला पत्ता हवा. गीतेला अध्याय आणि श्लोक असतो, धम्मपदाच्या ४२३ गाथांना क्रमांक असतात, नीत्शेच्या सूत्रांनाही असतात, प्लेटोच्या संवादांना तर पानागणिक ठरलेले आकडे आहेत. जे संकेतस्थळ केवळ नाव देते आणि पत्ता देत नाही, त्याच्यावर विसंबू नये. विकीकोट या अवतरणांच्या संकेतस्थळावर अनेक विचारवंतांच्या पानांवर चुकीने चिकटवलेल्या वाक्यांचा वेगळा विभाग असतो. तो आधी वाचावा.

अर्धेच वाक्य उचलणे

‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग। अंतर्बाह्य जग आणि मन॥’ ही तुकोबांची ओळ लढाईच्या गेमसाठीच लिहिली आहे असे वाटावे इतकी नेमकी आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. त्या अभंगाचा शेवट ‘तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें। अवघियांचें काळें केलें तोंड॥’ असा होतो. म्हणजे हे युद्ध जिंकण्याचे शस्त्रही त्याच अभंगात सांगितले आहे आणि ते नाम आहे. पहिली ओळ घेऊन पुढे दोन हातांची कुऱ्हाड देणारा गेम तुकोबांना साक्षीला बोलावतो आणि त्यांची साक्ष मध्येच तोडतो. पूर्ण अभंग पडद्यावर मावत नसेल तर हरकत नाही. पण तो बनवणाऱ्याला पूर्ण ठाऊक असावा आणि गेमने शेवटच्या चरणाशी काहीतरी नाते ठेवावे, निदान भांडणाचे तरी.

इंग्रजीतून फिरून आलेले मराठी

एका डेमोत मला हे वाचायला मिळाले: ‘आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक. – ओपेनहायमर’. अणुबॉम्बच्या निर्मितीतले शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनी अमेरिकेत बर्कले येथे आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले होते आणि ते उद्धृत करत होते ती गीताच होती. अकराव्या अध्यायातील बत्तिसावा श्लोक ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धः’ असा सुरू होतो. आपल्या आजीने शेकडो वेळा म्हटलेला श्लोक अमेरिकेला जाऊन, तिथून इंग्रजी होऊन, पुन्हा मराठीत उतरला, आणि या प्रवासात कृष्ण गळाला आणि काळही गळाला. ‘काल’ या शब्दात मृत्यूची छाया आहे हे खरे. पण सर्वांना पिकवणारा, झिजवणारा आणि गिळणारा काळ ही कल्पना ‘मृत्यू’ या एका शब्दात मावत नाही. गेम वेळेशी खेळणारा असेल, पात्रे म्हातारी होत असतील, तर ‘काल’ हाच शब्द सोन्याचा आहे आणि तो आपण स्वतःहून फेकून दिलेला असतो.

नीत्शेचे भाषांतर करतानाही असेच खड्डे लागतात. अथांगासाठी कुणी ‘दरी’ लिहिले तर विदर्भातला खेळाडू चिखलदऱ्याच्या कठड्याला टेकून फोटो काढू लागतो. दरी आपल्याला पाहते आहे, ही भीती त्या शब्दात उरत नाही. मी ‘अथांग’ पत्करतो, कारण त्याला तळ नाही हे त्या शब्दातच आहे. ‘राक्षस’ हा शब्द त्याहून अवघड आहे. युरोपीय भाषांतील तो शब्द विद्रूप, भयंकर, अनैसर्गिक अशा कशालाही लागू पडतो; आपल्याकडे राक्षस हे कूळ आहे, त्यांना राजे आहेत, वंशावळी आहेत, बिभीषणही त्यांच्यातलाच. तुमच्या गेममध्ये राक्षस ही खेळाडूला निवडता येणारी जमात असेल, तर ‘आपणच राक्षस होऊ नये’ हे वाक्य तत्त्वज्ञान न राहता एका जमातीचा अपमान होते. हा अपमान कथेत वापरता आला तर उत्तमच, पण तो अपघाताने घडू नये.

बोलतो कोण?

सुरुवातीचे वाक्य गेमच्या जगाबाहेर उभ्या असलेल्या लेखकाचे असते. म्हणून ते कोऱ्या पडद्यावर, साध्या अक्षरांत, कोणत्याही पात्राच्या आवाजाविना यावे. तेच वाक्य जीर्ण भूर्जपत्रावर, वळणदार अक्षरांत, एखाद्या ऋषीच्या खर्जातल्या आवाजात आले आणि खाली ‘इमॅन्युएल कांट’ असे नाव आले, की त्या जगात कांटचे गाव कोनिग्सबर्ग कुठे आहे, असे विचारावेसे वाटते. १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’ या गेममध्ये प्लेटो आणि नीत्शे काल्पनिक नेत्यांच्या वचनांशेजारी येतात तरी खटकत नाही, कारण तिथली माणसे पृथ्वीवरूनच गेलेली आहेत आणि ग्रंथही सोबत घेऊन गेलेली आहेत. संपूर्ण वेगळ्या जगाला ही सवलत मिळत नाही. बायोवेअरच्याच २००९ मधील ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने सुरुवातीला त्या जगातल्याच धर्मसंस्थेची शिकवण सांगितली, आणि ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ने कुणालाही उद्धृत न करता माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो हा प्रश्न एका चेटकिणीच्या तोंडी घालून तो खेळभर पुरवला. माझ्या मते हा तिसरा मार्ग सर्वांत कठीण आणि सर्वांत चांगला आहे.

पडद्यावरच्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

त्याच धरमपेठेतल्या खोलीत त्या मुलाचा धाकटा भाऊ शेजारी बसला होता. गाथा उमटताच त्याने स्पेसबार दाबायला सुरुवात केली आणि विचारले, ‘दादा, हे वाचाच लागते का? गेम कधी चालू होते?’ पडदा आठ सेकंद अडवून ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने वाचक घडत नाही, चिडका खेळाडू घडतो. वाक्य दोन ओळींचे असावे, कळ दाबून पुढे जाता यावे, आणि दुसऱ्यांदा गेम सुरू केल्यावर ते पुन्हा लादले जाऊ नये.

देवनागरी मोडणे ही तक्रार मात्र खरोखर सार्वत्रिक आहे. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील टेक्स्टमेशप्रो हा मजकूर दाखवणारा घटक आपल्या लिपीची अक्षरजुळणी स्वतःहून करत नाही. परिणामी ‘निर्वाण’मधील पहिली वेलांटी ‘न’च्या मागे जाऊन ‘र’च्या डोक्यावर बसते आणि रफार वर चढण्याऐवजी पाय मोडलेला ‘र्’ होऊन मधेच उभा राहतो. बुद्धाचे वचन अशा अवस्थेत दाखवण्यापेक्षा न दाखवलेले बरे. गोडो ४ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्फबझ ही अक्षरजुळणी करणारी प्रणाली असल्यामुळे जोडाक्षरे नीट जुळतात. युनिटीतच राहायचे असेल तर अक्षरजुळणी करणारे प्लगइन घ्यावे, किंवा एकच पडदा असल्यामुळे वाक्य इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडून त्याचे चित्र वापरावे, मात्र मग लहान मोबाइलवर ते वाचता येते का हे पाहावे. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही तपासावे. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ते तसे मिळतात.

राहता राहिला स्वामित्वहक्कांचा (कॉपीराइटचा) प्रश्न. नीत्शे १९०० साली वारले म्हणून त्यांचे प्रत्येक भाषांतर मोकळे झाले असे होत नाही, कारण भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो आणि भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हेलेन झिमर्न यांचे इंग्रजी भाषांतर जुने आहे आणि त्या १९३४ साली वारल्या, त्यामुळे ते आपल्याकडे मोकळे आहे. वॉल्टर कॉफमन यांचे १९६६ चे भाषांतर तसे नाही. मराठी भाषांतर स्वतः केले असेल तर तसे लिहावे. पहिल्या पडद्यावर विचारवंताचे नाव पुरते. ग्रंथ, क्रमांक आणि भाषांतरकार यांची नोंद श्रेयनामावलीत करावी.