जुनी पत्रे तारेवरून उतरवताना

धाब्याच्या घरातील पत्र्याच्या पेटीत किंवा खुंटीला टांगलेल्या तारेत खोवलेली जुनी पत्रे हाती आली, तर ती वैशाखात उघडू नयेत. जळगाव-भुसावळकडच्या उन्हाने कागद इतका कोरडा पडतो की पत्र उलगडताना नेमके घडीवर तुटते, आणि भर पावसाळ्यात शाई फुटण्याची भीती असते. दिवाळीनंतरचे दिवस यासाठी उत्तम. तारेतील पत्रे ओढून काढल्यास भोकाशी फाटतात. म्हणून तारेचा आकडा सरळ करून एकेक पत्र वर सरकवावे आणि क्रम मोडू देऊ नये, कारण तळाचे पत्र बहुधा सर्वांत जुने असते.

पत्रावर तारीख नसेल आणि शिक्का पुसट असेल, तर पत्ता वाचावा. ‘जि. पू. खानदेश’ किंवा ‘प. खानदेश’ असे लिहिले असल्यास पत्र बहुधा 1960 पूर्वीचे असते (सवयीने पुढेही तसेच लिहिणारी मंडळी होतीच). तिकिटावर ‘नये पैसे’ असल्यास ते 1957 नंतरचे आणि पिनकोड असल्यास 15 ऑगस्ट 1972 नंतरचे समजावे. मजकूर मोडीत असेल, तर अंदाजाने वाचत बसण्यापेक्षा जाणकार गाठावा; धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे.

वाचताना मजकुराइतकेच कागदाकडेही पाहावे. आमच्याकडे एक निळे अंतर्देशीय पत्र आहे, आजीने शेजारच्या शाळकरी मुलाकडून लिहवून घेतलेले. आरंभ ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ असा रीतसर आहे. पण चौथ्या ओळीपासून ‘मुलगी’ची अहिराणी बोलीतली ‘आंडेर’ होते, म्हणजे लिहिणाऱ्याला आजीच्या बोलण्याचा वेग आवरेनासा झाला असावा, आणि जागा संपल्यावर कपाशी वेचून झाली की ये, एवढे एक वाक्य डिंकाच्या पट्टीलगत आडवे चढलेले आहे. अशा पत्राची नक्कल करताना अहिराणी शब्द ‘शुद्ध’ करू नयेत आणि आडव्या ओळी कोठे आहेत तेही नोंदवावे.

फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावण्याची चूक मी केली आहे. काही वर्षांत पट्टी पिवळी पडली आणि तिच्याखालची शाई पसरली. ती ओळ आता वाचता येत नाही. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत काढता येत नाही. गंजलेल्या टाचण्या मात्र हलक्या हाताने काढाव्यात, धूळ मऊ ब्रशने झटकावी आणि प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटात शक्यतो सपाट ठेवावे. पाकिटे लोखंडी कपाटात, पण ओल धरणाऱ्या भिंतीपासून आणि पत्र्याच्या छतापासून दूर असावीत. वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवायचा असल्यास फडक्यात बांधून ठेवावा, कागदाला लागू देऊ नये. लग्नपत्राच्या कोपऱ्यावरची हळद पुसू नये. तो डाग नव्हे.

खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पत्त्याच्या बाजूसह दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. पाकिटावरची नोंद, पत्र आत घालण्याआधीच, मऊ पेन्सिलीने करावी: कोणी, कोणास, तारेतील कितवे. मग घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला ती पत्रे मोठ्याने वाचून दाखवावीत आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. ‘बापू’ म्हणजे कोणते बापू, हे पत्रात कोठेही लिहिलेले नसते.