900चं पापलेट 1200च्या विसवणीपेक्षा महाग कसं?

म्हापशाच्या बाजारातले मासळीचे दर भाऊ फोनवरून सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) भरतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या मॅक्सनं, म्हणजे सर्वांत मोठं शोधणाऱ्या फंक्शननं, सर्वांत महाग ठरवलं 900चं पापलेट. 1200ची विसवण (सुरमई) मागे! सीएसव्हीतून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आणि स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून: 9 मोठा, 1 लहान. लिस्टमधला प्रत्येक दर इंटमधून, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून, काढला, काम झालं. गंमत म्हणजे दर देवनागरी आकड्यांत असले, तरी इंट तेही वाचतो. स्ट्रिंग म्हणून मात्र '१२००' आणि '1200' समान नाहीत.

खरी चीड येते ती वेगळ्याचीच. आकडा आणि स्ट्रिंग समान आहेत का विचारलं, तर पायथन मुकाट्यानं फॉल्स, म्हणजे 'नाही', म्हणतो. मोठं कोण विचारलं, की लगेच टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक. आधीच बोंबलला असता तर! रिकामे रकाने तेवढे आधी गाळा, इंटला ते चालत नाहीत.