क्रेडिट म्हणजे उधार, जमा, पत की श्रेय? या चुका टाळा

हिशेबाच्या पत्रव्यवहारात 'क्रेडिट' या शब्दावर भले भले अडखळतात. मराठीत आपण उधार, जमा, पत आणि श्रेय असे चार वेगळे शब्द वापरतो, इंग्रजीत ती चारही कामं हा एकटा करतो. मुळात लॅटिनमधल्या 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला, आणि चारही अर्थांत तो विश्वास कुठे ना कुठे सापडतो. पण पैशाची दिशा मात्र हा शब्द सांगत नाही. म्हणून वाक्य वाचताना आधी पाहावं, इथे कोण कोणाचं देणं लागतं?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. 'वी हॅव गिव्हन यू अ क्रेडिट ऑफ ५,०००' असं पुरवठादाराने कळवलं, तर तुमच्याकडून त्याला येणाऱ्या रकमेतून त्याने ५,००० कमी केले आहेत. 'वी हॅव एक्स्टेंडेड यू क्रेडिट अप टू ५,०००' असं असेल, तर ५,००० पर्यंतचा माल तो उधारीवर द्यायला तयार आहे. पहिल्यात तुमचं देणं घटलं, दुसऱ्यात देणं करायची मुभा मिळाली. मी स्वतः एकदा पहिलं वाक्य दुसऱ्या अर्थाने वाचलं आणि पूर्ण बिल भरून टाकलं. जास्तीचे पैसे वळते करून घेण्यात महिना गेला. 'क्रेडिट नोट' याच पहिल्या अर्थाची. माल परत गेला किंवा दर चुकून जास्त लागला की विकणारा ती देतो. तिला उधारीची चिठ्ठी समजू नका. मूळ बिलाचा क्रमांक तिच्यावर आहे ना, एवढं पाहा आणि पुढच्या बिलातून रक्कम वजा करायला लावा.

दुसरा गोंधळ बँकेच्या उताऱ्याचा. खात्यात पैसे भरले की बँक 'क्रेडिट' लिहिते, म्हणून नवखा माणूस स्वतःच्या वहीतही बँक खात्याला जमा करून मोकळा होतो. हे उलटं आहे. उतारा बँकेच्या वहीतला असतो. तुमची ठेव हे बँकेचं देणं, म्हणून तिच्याकडे जमा. तुमच्या वहीत तीच रक्कम तुमची मालमत्ता, म्हणून बँक खाते नावे, म्हणजे डेबिट. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोन्हीकडे लिहायची पद्धत मांडली, तेव्हापासून डावी बाजू नावे आणि उजवी जमा हा रिवाज टिकून आहे. त्यात 'जमा म्हणजे पैसे आले' असा अर्थ कुठेही नाही.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची बेरीज, जुळत नसेल तर फरकाची निम्मी रक्कम काढा आणि ती कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत शोधा. सापडली, तर ती नोंद बहुधा चुकीच्या बाजूला गेली आहे, कारण बाजू चुकली की फरक दुप्पट पडतो. ९,००० चा फरक असेल तर ४,५०० ची नोंद आधी तपासायची. माझ्या अनुभवात एवढ्यानेच पुष्कळदा काम होतं.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर शिलकीपुढे 'सीआर' दिसलं तर घाबरून पुन्हा पैसे भरू नका. बहुधा तुम्ही जास्त भरलेत, बँक तुमचं देणं लागते. 'क्रेडिट लिमिट' मात्र उधारीची मर्यादा आहे, तुमच्या हक्काचा पैसा नाही.

उधारीच्या मुदतीत '२/१० नेट ३०' असं लिहिलेलं असतं. म्हणजे १० दिवसांत भरलं तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. हे दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, हे आधीच लिहून घ्या. भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

'लेटर ऑफ क्रेडिट'ला, म्हणजे पतपत्राला, काही जण कर्जमंजुरीचं पत्र म्हणतात. ते तसं नाही. ठरलेली कागदपत्रं अटींप्रमाणे सादर झाली तर विक्रेत्याला पैसे देण्याची ती बँकेची हमी आहे. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. माल उत्तम असला तरी बिलावर मालाचं वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळत नसेल तर पैसे अडकू शकतात. म्हणून पतपत्र हातात आल्या दिवशीच शब्दन् शब्द वाचा, आणि दुरुस्ती हवी असेल तर माल रवाना करण्याआधीच करून घ्या.

कराच्या बाबतीत 'क्रेडिट' आणि 'डिडक्शन' एक समजू नका. वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट करातून. २० टक्के दर असेल तर १०,००० च्या वजावटीने २,००० वाचतात, तेवढ्याच क्रेडिटने पूर्ण १०,०००, अर्थात तेवढा कर लागत असेल तर.

'गिव्ह हर क्रेडिट' म्हणजे कधी तिला उधार द्या, तर कधी तिचं श्रेय मान्य करा. पुढे 'फॉर' आला आणि त्यानंतर कामाचं नाव असेल तर श्रेय. ऑनलाइन सेवांची 'क्रेडिट्स' तर उधारीच्या बरोबर उलट असतात, कारण बहुतेकदा त्यांचे पैसे आधीच भरलेले असतात. त्यांची मुदत संपते का, हे घेतानाच विचारून घ्या.