टॅबची फाइल ठेवायची कुठं?

ओपन सोर्समधी नवीन उतरणाऱ्या पोरापोरींसाठी लिहून राहिलो. माझा पहिला पॅच (दुसऱ्याच्या कोडमधी सुचवलेला बदल) लय साधा होता, टॅब दाबलं की कमांडचे पर्याय समोर यावेत त्यासाठीची कम्प्लीशन फाइल बिल्डसोबत (कोडपासून प्रोग्राम बनवताना) इन्स्टॉल करायची, बस. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, वावरातल्या मोटरीची लाइन रात्री येणार म्हणून तसाही जागाच होतो, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला अन् बसलो. घंट्याभराचं काम वाटलं, आठवडा गेला बाप्पा.

फाइल लिहिणं सोपं हाय, ठेवायची कुठं हेच खरं काम. आपल्या कमांडा वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल; बॅश, झेडशेल, फिश हे त्याचे प्रकार, अन् दर एकाची रीत वेगळी. बॅशची जुनी जागा ईटीसी फोल्डरातली, तिथल्या फायली शेल उघडताच साऱ्याच्या साऱ्या वाचल्या जातात. बॅशले टॅबचे पर्याय पुरवणारं पॅकेज म्हणजे बॅश-कम्प्लीशन, त्याच्या 2.0 पासून युएसआर/शेअरखाली नवी जागा झाली, तिथली फाइल टॅब दाबल्यावरच लोड होते, पण फाइलचं नाव कमांडचंच पाहिजे. झेडशेलले नावाआधी अंडरस्कोर लागते अन् पहिल्या ओळीत हॅश-कॉम्पडेफ. फिशचं सोपं, कमांडच्या नावापुढं डॉट फिश.

आता मी कुठं पडलो ते सांगतो. पॅकेजांचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग टूलले विचारलं की कम्प्लीशन्सडिर, म्हणजे बॅशच्या कम्प्लीशन फायलींचं फोल्डर, कुठं हाय, त्यानं युएसआरपासूनचा पूर्ण पत्ता दिला, मी तो तसाच बिल्डमधी टाकला. माझ्याकडं मस्त चाललं, काहून की मी सुडो मारून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं, इन्स्टॉल करत होतो! दुसऱ्या एकानं प्रिफिक्स (ज्या फोल्डराखाली सारं इन्स्टॉल होते ते) स्वतःच्या होम फोल्डरचा दिला, तर बाकी सारं बरोबर गेलं अन् ही एकच फाइल युएसआरमधी घुसाले गेली, परमिशन डिनाइड. एवढ्याशा फाइलपायी अख्खं इन्स्टॉल आडवं.

म्हणून पत्ता विचारतानाच आपला प्रिफिक्स सोबत द्यायचा. त्यासाठी पीकेजी-कॉन्फिगले डिफाइन-व्हेरिएबल हा ऑप्शन हाय, मेसन या बिल्ड टूलमधी पीकेजीकॉन्फिग-डिफाइन. तरी पत्ता हलत नसंल तर बॅश-कम्प्लीशनची पीसी फाइल (पीकेजी-कॉन्फिग पत्ते जिथून वाचते ती) उघडून पाहा, कधी प्रिफिक्सऐवजी डेटाडिर (शेअर फोल्डरचा पत्ता) बदलावा लागते. अन् मशीनवर बॅश-कम्प्लीशनच नसंल तर बिल्ड थांबवू नका, आपल्याच डेटाडिरखाली फाइल टाका. वरून एक ऑप्शन ठेवा, कारण पॅकेज बनवणाऱ्याले जागा स्वतः ठरवायची असते, डेबियन लिनक्सवाले झेडशेलची फाइल वेंडर-कम्प्लीशन्समधी ठेवतात, तुमच्या अंदाजानं त्यांचं भागत नाही.

टेस्ट करताना सुडो विसरा. प्रिफिक्स होममधल्या डॉट लोकलचा द्या, बॅश-कम्प्लीशन तिथंही आपसूक पाहते. झेडशेल मात्र पाहत नाही, त्याच्या डॉट झेडएसएचआरसी या सेटिंग फाइलमधी, कम्प्लीशन सुरू करणाऱ्या कॉम्पइनिटच्या ओळीआधी, आपली फाइल पडली ते फोल्डर एफपाथमधी (झेडशेल जिथं फायली शोधते त्या यादीत) जोडा. एवढं करूनही टॅब मुकाच राहिला तर होममधली डॉट झेडकॉम्पडंप फाइल (झेडशेलनं साठवलेली कम्प्लीशनची जुनी यादी) उडवा अन् शेल नव्यानं उघडा. मी हे न करता दोन घंटे आपलाच कोड उलटापालटा करत बसलो होतो, तिकडं मोटर सुरू होऊन पाणी धुऱ्यावरून वाहत होतं.