सेकंडहँड लक्झरी घड्याळाची वॉरंटी: दुकानात जाण्याआधी या चुका टाळा

घड्याळ बिघडलं की बरेच जण आधी चुकीचं दार ठोठावतात. डब्यात कंपनीचं वॉरंटी कार्ड असतं, म्हणून थेट सर्व्हिस सेंटर गाठतात. तिथं कळतं, मुदत कधीच संपलीय. कंपनीची वॉरंटी पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतलंत त्या दिवसापासून नाही. रोलेक्स किंवा ओमेगा नव्या घड्याळाला ५ वर्षं देतात; ४ वर्षं वापरलेलं घेतलंत तर तुमच्या वाट्याला एकच उरतं. दुकानदाराने स्वतःची वॉरंटी दिली असेल तर ती निराळी. ती चालते त्याच्या बिलावर आणि त्याच्याच दुकानात. (रोलेक्सची वापरलेल्या घड्याळांसाठीची, २०२२ पासूनची सर्टिफाइड प्री-ओन्ड योजना याला अपवाद, तिथं २ वर्षांची हमी कंपनीच देते.)

दुसरी चूक मी स्वतः केलीय. माझं घड्याळ दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे पळायला लागलं. ओळखीच्या घड्याळजींनी ‘जरा बघतो’ म्हणत मागचं झाकण उघडलं. आत काहीच सापडलं नाही, पण झाकणाच्या काठावर दोन चकचकीत ओरखडे उमटले. दुकानातल्या माणसाने भिंग लावून पहिले तेच पाहिले. “हे कोणी उघडलं?” झालं, वॉरंटी गेली. आणि दोष काय, तर घड्याळात चुंबकत्व शिरलेलं. आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळत सुटतं. ते उतरवायला यंत्राला काही सेकंद लागतात, झाकण उघडावंही लागत नाही. घड्याळ एकदम पळायला लागलं तर आधी होकायंत्राजवळ धरून पाहा. सुई जोरात फिरली तर संशय तिथंच घ्या.

‘नीट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर दुकानदार काय करणार? आठवडाभर रोज ठरावीक वेळी फरक लिहून ठेवा. अचूकतेसाठी मिळणाऱ्या स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राची सरासरी मर्यादाच दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे, त्यामुळे ५ सेकंद पुढे जाणं हा बिघाड नव्हेच. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ रात्रीत बंद पडत असेल तर चावीचे तीस-चाळीस फेरे देऊन, हातात न घालता किती तास चालतं ते मोजा. टेबलावर बसून काम करणाऱ्यांच्या हाताची हालचाल कधीकधी पुरत नाही.

पाण्याबाबत दुकानाची वॉरंटी सहसा हात वर करते. डायलवर १०० मीटर लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. आतली रबरी सील जुनी होतात. काचेखाली वाफ दिसली तर उन्हात किंवा तांदळात ठेवत बसू नका, त्याच दिवशी दुकानात न्या.

घड्याळ सोपवताना चारही बाजूंनी फोटो काढा, सिरियल नंबर पावतीवर उतरवून घ्या. त्याच पावतीवर ‘पॉलिश करू नये’ असं ठळक लिहायला लावा. सर्व्हिसच्या ओघात घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच घासून गुळगुळीत करून देणारे पुष्कळ आहेत. मूळच्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की जुन्या घड्याळाचा भाव खाली येतो आणि तो धातू परत येत नाही. परत घेताना काउंटरवरच तारीख बदलून बघा, चावी नीट बसते का पाहा. केलेल्या दुरुस्तीची मुदत कुठल्या तारखेपर्यंत, तेही तिथंच लिहून घ्या.