गावाकडचं जेवण हॉटेलात विकायचंय? आधी डकारच्या पिएर थियामचं करिअर बघा

सांगली-साताऱ्याकडची हॉटेल मॅनेजमेंट केलेली पोरं भेटली की निम्म्यांचा प्लॅन ठरलेला असतो, पुण्यात कॅफे आणि मेनूत पास्ता. उरलेली म्हणतात आपलंच जेवण मॉडर्न करायचंय, पण म्हणजे नक्की काय विचारलं तर झुणका काचेच्या ग्लासात घालून वर हिरवी पानं. ह्याला मॉडर्न म्हणत नाहीत, महागडा झुणका म्हणतात. आफ्रिकेतल्या जेवणाचं ज्यांनी खरंच काहीतरी केलंय त्यांचा रस्ता बघा, त्यातलं बरंच आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं.

पिएर थियाम हा शेफ पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधल्या डकारचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी फिजिक्स-केमिस्ट्री शिकायला अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कमध्ये पैसे चोरीला गेले, मग एका रेस्टॉरंटमध्ये टेबलं आवरायचं काम धरलं आणि तिथनं किचनमध्ये शिरला. त्यांच्याकडं पण घरचा स्वयंपाक बायकांनीच करायचा, त्यामुळं किचनमध्ये सगळे पुरुष बघून ह्यालाच नवल वाटलेलं. मग कितीतरी वर्षं दुसऱ्यांचं जेवण रांधलं, २००० नंतर न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात स्वतःची रेस्टॉरंटं काढली आणि हार्लेम भागातलं तेरांगा हे रेस्टॉरंट आलं ते २०१९ ला. हा क्रम नीट बघा. डिग्री हातात पडली की वडलांच्या नावावर कर्ज काढून हॉटेल टाकायचं ही आपल्याकडची घाई करू नका, तीन-चार वर्षं मोठ्या किचनमध्ये घासा, दोनशे माणसाचं जेवण वेळेत निघतं कसं आणि माल वाया कुठं जातो हे पगार घेऊन शिकायला मिळतं.

त्याच काळात सुट्टीला घरी आलात की शिकायचं आई, आत्या, चुलतीकडनं. आत्याला प्रमाण विचारलं तर ती "अंदाजानं घाल" म्हणणार, तिथं वाद घालू नका, चटणीचा डबा वजनकाट्यावर ठेवा, तिनं घालायच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिहून घ्या, झालं प्रमाण. असं हुलग्याचं माडगं, बाजरीच्या कण्या, राळ्याचा भात, दाण्याची आमटी सगळं लिहून काढा. आणि एकाच घरात थांबू नका, जतची आमटी आणि वाईची आमटी एक नसते.

आता मुख्य गोष्ट, धान्य. थियामचं नाव झालं ते फोनिओमुळं. पश्चिम आफ्रिकेतलं राळ्यासारखंच पण वाळूएवढं बारीक धान्य, हलक्या जमिनीत आणि थोड्या पावसावर येतं, लवकरच्या जाती दोनेक महिन्यांत हाताशी येतात. तरी ते मागं पडलं, कारण फ्रेंचांनी त्यांच्या राजवटीत सेनेगलच्या शेतकऱ्याला भुईमुगाला लावलं आणि खायला इंडोचायनातनं, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडनं, तांदळाची कणी आणून दिली. आज सेनेगलचं राष्ट्रीय जेवण समजतात तो माशाचा भात त्या कणीचाच होतो. उसानं आपल्या शाळूचं काय केलं ते आठवा, वेगळं सांगायला नको. थियामनं नुसत्या प्लेटा सजवल्या नाहीत, २०१७ ला पार्टनरबरोबर कंपनी काढून शेतकऱ्यांचा फोनिओ अमेरिकेच्या दुकानात नेला.

फोनिओची खरी अडचण होती टरफल काढायची, बायका उखळात कुटत बसायच्या, शेवटी सानुसी दियाकिते नावाच्या सेनेगलच्याच इंजिनियरनं त्यासाठी मशीन बनवलं. आपल्याकडं राळा-वरीचं तेच दुखणं आहे, गावातल्या पिठाच्या गिरणीत टरफल निघत नाही. म्हणून मेनू छापायच्या आधी सोलणीची सोय बघा, भरडधान्याचं मशीन असलेला शेतकरी गट किंवा बचत गट गाठा, आणि माण, खटाव, आटपाडी, जत ह्या भागातल्या दोन-तीन शेतकऱ्यांशी पेरणीच्या आधीच भाव ठरवून घ्या. सुगीला जाऊन माल शोधणार असाल तर पुढच्या उन्हाळ्यात मेनूतनं राळा गायब.

डिश बनवताना एक साधा नियम पाळा, चव हलवायची नाही, बाकी सगळं हलवायला मोकळीक. सेनेगलमध्ये माफे म्हणून शेंगदाण्याचा रस्सा असतो, बघितला तर आपल्या दाण्याच्या आमटीचा लांबचा भाऊच. त्यांचं यासा म्हणजे लिंबू, मोहरीची पेस्ट आणि ढीगभर कांद्यात मुरवून भाजलेलं चिकन, मग तोच कांदा मंद आचेवर पार मऊ होईपर्यंत शिजवायचा. आता तुमची प्लेट अशी करून बघा: राळा अर्धा तास भिजवून दुप्पट पाण्यात शिजवा, पाणी आटलं की गॅस बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं हात लावू नका, मग काट्यानं मोकळा करा. बाजूला दाण्याची आमटी, नेहमीपेक्षा घट्ट आणि गाळून घेतलेली, वर यासासारखा लिंबातला कांदा. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र तसाच राहू दे, त्याचं फोम-बिम करायला जाऊ नका प्लीज.

जागा भाड्यानं घ्यायच्या आधी घरगुती पॉप-अप करा, म्हणजे एका दिवसापुरतं हॉटेल. अदेजोके बाकारे ही नायजेरियन शेफ स्वयंपाकाच्या कुठल्या कॉलेजात न जाता शिकलेली, लंडनमध्ये आधी सपर क्लब, म्हणजे पैसे घेऊन जेवणाच्या छोट्या पंगती, चालवले, २०२० ला चिशुरू नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि २०२४ ला मिशेलिन स्टार हा रेस्टॉरंटांच्या दुनियेतला मोठा मान घेतला. सांगलीत किंवा कराडात महिन्यातनं एक शनिवार, बारा माणसं, आगाऊ पैसे, एकच ठरलेलं ताट. कुठल्या वाटीत काय उरलं ते लिहून ठेवा, तोंडावर सगळे "मस्त" म्हणतात, उरलेली वाटी खरं बोलते.

रेट काढताना मालाचा खर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्क्यांत बसला पाहिजे, म्हणजे ताटाला ९० रुपयांचा माल लागत असेल तर २७० च्या खाली विकू नका. "भाकरी-आमटीला एवढे कोण देणार" असं घरातलेच पहिल्यांदा म्हणतील, त्यांना मालाचं बिल, गॅस, भाडं आणि पोरांचे पगार कागदावर मांडून दाखवा. एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन पॉप-अपच्या आधीच करून घ्या, आणि मेनूत माडग्याला माडगंच लिहा, हॉर्सग्राम सूप लिहिलंत तर साताऱ्यातलं गिऱ्हाईक विचारणार पण नाही आणि पुण्यातलं त्यात क्रीम मागणार.