लॉग क्ष भागिले क्ष^अ : सीमा शून्य, पण सिद्धता अडत होती

अ > ० कितीही लहान असो, क्ष अनंताकडे जाताना (लॉग क्ष)/क्ष^अ शून्याकडे जातं, हे दाखवायचं होतं (लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉग). लोपितालचा नियम (अंश आणि छेद यांचं वेगवेगळं विकलन करून सीमा काढण्याचा) वापरायची मुभा नव्हती, कारण विकलन अजून शिकवलेलं नव्हतं.

आधी लॉग क्ष < क्ष वापरलं. अ > १ असेल तर जमतं, अ = १ ला फक्त 'गुणोत्तर १ पेक्षा कमी' एवढंच हाती येतं, अ १ पेक्षा लहान असेल तर काहीच नाही. मग आकडे घालून पाहिले. अ = ०.१ ला क्ष सुमारे २२,००० होईपर्यंत गुणोत्तर चक्क वाढतं! दोन संध्याकाळी यात गेल्या.

सुटलं ते असं. लॉग त म्हणजे १/स च्या आलेखाखालचं १ ते त मधलं क्षेत्रफळ, आणि तिथे १/स ≤ १, म्हणून त ≥ १ साठी लॉग त ≤ त − १ < त मिळतं. आता क्ष > १ घ्या आणि त च्या जागी क्ष नव्हे, क्ष^(अ/२) ठेवा. घात अर्धा करणं हीच किल्ली आहे: निम्मा घात लॉगला पुरतो, निम्मा छेदात उरतो.

(अ/२) लॉग क्ष < क्ष^(अ/२)

दोन्ही बाजूंना २/अ ने गुणून क्ष^अ ने भागा:

० < (लॉग क्ष)/क्ष^अ < (२/अ)/क्ष^(अ/२)

एप्सिलॉन ही कितीही लहान धन संख्या दिली की क्ष हा १ आणि (२/(अ·एप्सिलॉन))^(२/अ) या दोहोंपेक्षा मोठा घ्या. उजवी बाजू एप्सिलॉनपेक्षा लहान होते.